गळाला लागलेला इतिहास

नागपूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, तू म्हणे मासे धरायला लागलास? या वयात? आणि वर्ध्यात?" तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर देणं शक्य नव्हतं. शिवाय पुण्याचे साडू आणि मुंबईची भाची हेच विचारून राहिले आहेत. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

झालं असं की माझा नातू अमेरिकेत कोलोरॅडोत शिकतो. तो सुट्टीत आला तेव्हा एक लांबट नळकांडं घेऊन आला. त्यात चार तुकड्यांची काठी निघाली. जोडली की नऊ फूट. सोबत एक चरखी, पिवळीधमक जाड दोरी आणि एका डबीत पिसं-धागे बांधलेले बारीक आकडे. "आजोबा, याला फ्लाय फिशिंग म्हणतात." दोन दिवस त्याने मला शाळेच्या मैदानावर उभं करून काठी फिरवायला शिकवलं आणि जाताना ती माझ्याकडेच ठेवून गेला. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाच्या हाती काही नवीन वस्तू दिली की तो आधी ती कुठून आली हे शोधत बसतो. माझंही तेच झालं. मासे फार लागले नाहीत, इतिहास मात्र भरपूर लागला.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. आपल्याकडची साधी गरी सगळ्यांनी पाहिली आहे. गरीला गांडूळ किंवा कणकेची गोळी, वर शिशाचा तुकडा. फेकलं की शिसं पुढे जातं आणि दोरा त्याच्या मागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं आहे. 'फ्लाय' म्हणजे माशी, पण खरी नव्हे. आकड्यावर कोंबड्याचं पीस, लोकर, धागा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन म्हणून नसतंच. वजन असतं दोरीला. ती दोरी आसुडासारखी मागे न्यायची, डोक्यामागे हवेत पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. दोरीच्या टोकाला निमुळता होत गेलेला नायलॉनचा तंतू आणि त्याच्या टोकाला ती माशी. सगळं जमलं तर माशी पाण्यावर अशी उतरते की खरा किडाच पडला.

यातली मेख 'थांबण्यात' आहे. दोरी मागे गेली की हात थांबवायचा, अगदी क्षणभर. घाई केली की दोरी चाबकासारखी फटकारते आणि माशी तुटून जाते. उशीर केला की मागच्या गवतात अडकते. काठीवर आकडा लिहिलेला असतो, माझ्या काठीवर सहा आहे. तो दोरीच्या वजनाचा आकडा. जेवढ्या नंबरची काठी, तेवढ्याच नंबरची दोरी. नवशिक्याने पाच किंवा सहा नंबरची नऊ फुटी काठी घ्यावी आणि पहिले काही आठवडे पाण्याकडे फिरकूच नये, असं नातवाचं सांगणं. मैदानात, आकडा न लावता, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करायचा. मी तेच करतो. सकाळी फिरायला येणारी मंडळी थोडा वेळ थांबून बघतात, आणि काही न बोलता पुढे जातात.

ही लाल लोकर मी सहज बांधली होती. नंतर कळलं की ती या विद्येच्या अगदी पहिल्या पानावर आहे. इसवी सन २०० च्या सुमारास रोममध्ये एलियन नावाचा एक लेखक होता. प्राण्यांविषयीच्या ग्रंथात त्याने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या कोळ्यांची हकीकत दिली आहे. तिथले मासे पाण्यावर उडणारा एक किडा खातात, पण तो किडा हाताळला की त्याचा रंग उडतो, पंख विस्कटतात, आमिष म्हणून तो निरुपयोगी. म्हणून ते लोक आकड्यावर लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधतात. अठराशे वर्षं झाली, कृतीत फारसा फरक नाही.

इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ सालचं. आयझॅक वॉल्टनचं जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ चं, आणि त्याला १६७६ साली चार्ल्स कॉटनने माशी बांधण्याविषयीचा भाग जोडला. इंग्रजांना या छंदाचा केवढा अभिमान! आपणही मानून चाललो की हौसेने गळ टाकून बसणं हा साहेबाचा उद्योग, आपल्याकडे मासा धरतो तो भोई, ढिवर, कोळी, पोटासाठी.

पण हे अर्धंच खरं आहे. १४९६ च्या आधी साडेतीनशेहून अधिक वर्षं, आपल्याच दख्खनमध्ये एका राजाने या विषयावर एक अख्खं प्रकरण लिहून ठेवलं आहे.

हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्याचा बाप सहावा विक्रमादित्य. या बापाचं राज्य आपल्या विदर्भापर्यंत होतं, त्याच्या काळचा शके १००८ चा शिलालेख नागपूरच्या सीताबर्डीचा म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे सोमेश्वर आपल्याला अगदी परका नाही. त्याचा संस्कृत ग्रंथ 'मानसोल्लास', दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी', शके १०५१ चा, म्हणजे इ. स. ११२९ चा. शंभर अध्याय, वीस-वीसचे पाच भाग. राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं इथपासून जेवण, दागिने, संगीत, चित्रकला, हत्ती, कुस्ती असं सगळं त्यात आहे. मराठीच्या शिक्षकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने माहीत असतो: महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आहे. ओवीचा इतका जुना पुरावा म्हणून आम्ही तो वर्गात सांगत असू. त्याच पोथीत पुढे मासे पोहत आहेत हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत श्रीगोंदेकरांनी त्याची संपादित आवृत्ती काढली, पहिला खंड १९२५ साली.

ग्रंथाचा चौथा भाग 'विनोदां'चा. विनोद म्हणजे हसण्याचा नव्हे, मन रमवण्याचा. त्यात एक 'मत्स्यविनोद'. राजा आधी माशांची वर्गवारी करतो: समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि नुसत्या चामडीचे, मोठे, मध्यम, लहान. सुमारे पस्तीस जाती नावानिशी येतात. मग त्यांना खायला काय घालावं. तिळाचं वाटण, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, भात. पाण्यात ठरल्या जागी माशांना असं खाऊ घालून सवय लावायची. मग दोर कोणत्या झाडाच्या तंतूंचा वळावा, काठी कशी असावी, गळ कसा असावा, मासा लागला की त्याला कसं खेळवावं. कृत्रिम माशी त्यात नाही, हे सांगायला हवं. पण ज्याला आज 'अँगलिंग' म्हणतात त्याचा हा नीट लिहिलेला धडा आहे. प्राणिशास्त्राचे मोठे अभ्यासक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली यावर लेख लिहून शास्त्रज्ञांच्या जगाला तो दाखवून दिला.

मला या प्रकरणाचं नवल वेगळ्याच कारणाने वाटतं. आपल्या वाङ्मयात गळ आणि आमिष येतात ते बहुधा उपदेशासाठी. हरिण कानामुळे फसतं, पतंग डोळ्यामुळे, भुंगा नाकामुळे आणि मासा जिभेमुळे. हा दाखला आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकला. त्यात आपण नेहमी माशाच्या जागी असतो. सोमेश्वर मात्र काठीच्या दुसऱ्या टोकाला बसला आहे आणि त्याला त्यात काही गैर वाटत नाही. राजाच तो.

पण एक प्रश्न मनातून जात नाही. एवढ्या पस्तीस जाती, कोणाला काय आवडतं, कुठला मासा कुठल्या पाण्यात, हे राजाला कोणी सांगितलं? राजा काही पहाटे उठून डोहात उतरत नसणार. हे ज्ञान कुणातरी भोयाचं, कोळ्याचं आहे. त्याचं नाव पोथीत नाही.

यानंतर मी सातशे वर्षांची उडी मारतो. मधल्या काळात लोक मासे धरत नव्हते असं नाही, पण मला जो धागा दाखवायचा आहे तो कर्नल साईक्सपाशी पुन्हा हाती लागतो.

विल्यम हेन्री साईक्स (१७९० ते १८७२) कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नवा मुलूख समजून घ्यायला एल्फिन्स्टनने १८२४ साली त्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. जमीन, पिकं, पाऊस, लोकसंख्या हे त्याचं काम. पण माणूस हाडाचा नोंदी ठेवणारा. त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली आणि माशांचीही. माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात आला आणि पुढे चित्रांसह सविस्तर छापला गेला. चाळीसहून अधिक जाती, त्यातल्या बऱ्याच शास्त्राला तोवर अज्ञात.

नव्या जातीला लॅटिन पद्धतीचं दुहेरी नाव द्यावं लागतं. दुसरं नाव शोधणारा आपल्या मर्जीने ठरवतो. कुणी राणीचं देतो, कुणी मित्राचं. साईक्सने काही नावं इंग्रज मित्रांची दिली खरी, पण कितीतरी माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावं तशीच लावून टाकली. ती यादी मी मोठ्याने वाचली आणि मला हसूच आलं. लॅटिन पेहरावात सगळी आपली माणसं! सींगटी म्हणजे आपली शिंगटी. मुल्या म्हणजे मळ्या. कोलस म्हणजे कोळस. कुरपा म्हणजे खरपा. पोटाइल, बोगट, गूंगवारी, टाकरी. एकाचं नाव तर वटाना आहे, तो मासा की भाजीवाल्याकडचा वाटाणा, असं कुणीही विचारावं. आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या, देखण्या माशाचं नाव 'खुद्री'. हा महाशीर कुळातला मासा. आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याला टॉर खुद्री म्हणतात. जपानातला संशोधक आणि ब्राझीलमधला विद्यार्थी या माशाविषयी लिहिताना, नकळत, दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा मराठी कोळ्याचा शब्द उच्चारतो.

तो कोळी पुन्हा अनामच. पण निदान त्याचा शब्द राहिला. सोमेश्वराच्या वेळेस तो संस्कृतात विरघळून गेला होता.

साईक्सनंतर साहेबांची हौस जोरात सुरू झाली. १८७३ साली मद्रासकडचा एक सनदी अधिकारी, एच. एस. थॉमस, याने 'द रॉड इन इंडिया' नावाचं पुस्तक काढलं. महाशीरला विलायतेतल्या सॅमनच्या तोडीस तोड ठरवणारं ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या हौशी लोकांचं गाईड झालं. त्याच वर्षी डॉ. फ्रान्सिस डे यांचा सरकारी अहवाल आला: गोड्या पाण्यातले मासे कमी होत आहेत, बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी पिल्लं मारली जात आहेत, पाण्यात विष कालवलं जातं. या सगळ्यातून पुढे १८९७ चा मत्स्य कायदा झाला. नदीत सुरुंग फोडून किंवा विष टाकून मासे मारणं त्याने गुन्हा ठरवलं. हौसेखातर का होईना, साहेबाला नदीची काळजी वाटली, हे नोंदवून ठेवलं पाहिजे. जंगलाचंही असंच झालं होतं, शिकारीच पुढे राखणदार झाले.

ट्राउट नावाचा थंड पाण्याचा मासा मात्र त्यांनी विलायतेहून आणवला. काश्मीरला १९०० च्या सुमारास, निलगिरीवर बऱ्याच खटपटींनंतर १९०७ मध्ये. तो आजही तिथे आहे आणि फ्लाय फिशिंगची बहुतेक पुस्तकं त्याच्यावरच लिहिलेली असतात. वर्ध्यात त्याचं नाव काढू नये. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात ट्राउट जगेल तो फक्त फ्रीजमध्ये.

एक गंमत मध्येच सांगतो. साहेबाच्या उंची माशांमध्ये एक पीस फार मानाचं होतं. काळ्या मानेवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके. ते पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं, जो सह्याद्रीत, सातपुड्यात आरवतो. ही पिसं गठ्ठ्यांनी विलायतेला जायची. स्कॉटलंडच्या सॅमनला फसवायला घाटातला कोंबडा! पुढे भारताने ही निर्यात बंद केली, बरं झालं. मी माझ्या माशा शेजारच्या खुराड्यातल्या गळालेल्या पिसांच्या बांधतो. धागा टकळीवर कातलेल्या सुताचा. मगनवाडीच्या गावात राहून धागा विकत आणायचा म्हणजे काय!

आता पुन्हा खुद्रीकडे येतो, कारण पुढची गोष्ट मला रात्री झोप लागू न देणारी आहे.

धरणं झाली, नद्या गढूळ झाल्या, महाशीर दिसेनासा होत गेला. तेव्हा १९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला महाशीरच्या कृत्रिम प्रजननाचं काम हाती घेतलं. अतिशय चांगल्या हेतूने, आणि ते जमलंही. लाखांनी पिल्लं तयार झाली. ती देशभर वाटली गेली, जिथे महाशीर कमी होत होता तिथल्या पाण्यात सोडली गेली. त्यात दक्षिणेतली कावेरीही होती. कावेरीत स्वतःचा महाशीर होता. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आकाराने अजस्र. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला एक मासा १२० पौंडांचा होता. म्हणजे चोपन्न किलो. म्हैसूरच्या ज्या व्हॅन इंगेन घराण्याचा पेंढा भरण्याचा प्रसिद्ध कारखाना होता, त्यातल्याच एकाने तो धरला होता.

आपली खुद्री कावेरीत रुजली, वाढली, आणि कावेरीचा तो उंचवट्याचा मासा कमी कमी होत गेला. हे कुणाच्या लक्षात कसं आलं? तर गळवाल्यांच्या वह्यांमुळे. कावेरीकाठी गालीबोरे नावाचा एक कॅम्प होता. तिथे येणारे हौशी लोक मासा धरून, मोजून, वजन करून परत पाण्यात सोडत आणि कॅम्पच्या वहीत नोंद करत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. निळसर परांची खुद्री वाढत गेलेली, नारिंगी परांचा मासा जवळजवळ नाहीसा. २०१२ मध्ये अभयारण्यातला गळ बंद झाला आणि त्याबरोबर वहीही. आणखी चटका लावणारी गोष्ट म्हणजे जगप्रसिद्ध असूनही या माशाला नक्की शास्त्रीय नावच नव्हतं. केरळात आधी नोंदलेली टॉर रेमादेवी हीच ती जात, हे २०१८ साली सिद्ध झालं आणि त्याच वर्षी तिचं नाव अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. आपल्या खुद्रीला मात्र, जी एके काळी स्वतः संकटग्रस्त गणली जात होती, आता तितका धोका नाही असं मानतात.

या गोष्टीत खलनायक कोण ते मला ठरवता येत नाही. पिल्लं सोडणारे चांगल्या मनाचे होते. मासा निर्दोष. पण ज्या माशाला मराठी नाव मिळालं त्याने, आपल्या हातून, दुसऱ्याच्या नदीत जाऊन तिथल्याला हुसकावलं, हे वाचून मराठी माणसाला थोडं अवघडल्यासारखं होतं. निदान मला झालं.

आता बहिणीच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. "आणि वर्ध्यात?"

आपल्या जिल्ह्यात पाणी आहे. पश्चिमेला वर्धा नदी, आत धाम, बोर, वणा, यशोदा. पण पाणी आहे म्हणून कुठेही काठी घेऊन उभं राहता येत नाही. बोर धरण अभयारण्यात आहे, १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे गळाचं नाव नको. बऱ्याच तलावांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांची घरं चालतात, तेव्हा आधी त्यांना विचारायचं. पवनारला धामच्या पात्रात तर माझा मीच काठी काढत नाही. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या, वर विनोबांचा आश्रम. कायदा काय म्हणतो हा प्रश्नच नाही.

आणि हाच अवघड मुद्दा आहे. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून, घरात मासा शिजत नसताना, केवळ गंमत म्हणून एका जिवाच्या तोंडात आकडा घालायचा? नातू म्हणतो, आम्ही काटा नसलेला आकडा वापरतो, मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाही, सोडून देतो. मला हे उत्तर अर्धंच पटतं. खायला मासा धरणाऱ्या ढिवराची बाजू माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. म्हणून माझी बहुतेक सकाळ मैदानावर, लोकरीच्या तुकड्याबरोबरच जाते. पाण्यावर गेलो तर आकड्याचा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला असतो, आणि दिवसाकाठी एक मासा लागला की काठी मोडून ठेवतो. आतापर्यंत बहुतेक चिलापी. तीही मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. पाहुणीच म्हणायची, पण आता घर बळकावून बसलेली.

मला खरं शिकवलं ते नदीकाठच्या एका म्हाताऱ्या ढिवराने. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, मी त्यांना मामा म्हणतो. माझी डबी बघून त्यांनी विचारलं, "गुरुजी, गरीले पिसं काहून लावून राह्यले?" मी म्हटलं, "माशाला तो किडा वाटतो, मामा." ते हसले. "मासा का येडा हाय?" मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "पन हो. पहिल्या पान्यात वाळवीचे पाखरं निघते ना, दिव्यावर येते ते? ते पान्यावर पडले का बारकी मासोई कशी उसळते पाह्यली का तुमी? तवा गांडूळ टाकान त पाहात बी नाही." फ्लाय फिशिंगची इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं लिहितात: कोणता किडा केव्हा निघतो, मासा त्या वेळी दुसरं काही का खात नाही. मामांनी ते तीन वाक्यांत सांगितलं, आणि तेही आपल्या नदीचं.

त्यांनीच मरळीची गोष्ट सांगितली. तिची पिल्लं लालसर थव्याने पाण्यावर फिरतात आणि आई-बाप खाली पहारा देतात. त्या वेळी थव्यावर काहीही टाका, पहारेकरी झडप घालतो. भुकेने नव्हे, रागाने. "ते धरनं सोपं हाय," मामा म्हणाले, "पन मंग पिल्लायले कोन पाहीन?" हे काही सगळे पाळत नाहीत, तेही त्यांनीच सांगितलं. आणि आता मरळच कमी, जाळ्यात आफ्रिकी मांगूर येतो. या मांगुरावर सरकारची बंदी २००० सालापासून आहे, पण मांगुराला ते कोण सांगणार! मामांची नातवंडं पुण्याला कंपनीत कामाला आहेत. त्यांना माशांची नावं येत नाहीत, मामांनाच तसं वाटतं.

म्हणून सध्या मी एक वही केली आहे, दोनशे पानी, शाळेची असते तशी. डाव्या पानावर तारीख, नदी, पाण्याचा रंग, काय दिसलं. उजव्या पानावर मामांनी सांगितलेलं नाव, त्यांच्याच उच्चारात, ळ चा य झाला असेल तर तसाच. शेजारी साईक्सच्या यादीतलं जुळणारं नाव सापडलं तर ते. आतापर्यंत सतरा नावं झाली. त्यातली नऊ जुळली, चार वादग्रस्त आहेत आणि चार मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर मी मामांचं नाव लिहिलं आहे, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. इथे ते देत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

आता तुम्हा मंडळींना एक काम. तुमच्या आजोळच्या, सासरच्या गावी नदी असेल. कृष्णा, पैनगंगा, तापी, इंद्रावती, कुठलीही. तिथल्या म्हाताऱ्या भोयाला किंवा कोळ्याला विचारून माशांची पाच नावं मला कळवा. मासा कसा दिसतो, केव्हा मिळतो, तेही. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ती मी चाळीस वर्षं पुरेशी केली आहे. बहिणीला मुद्दाम सांगतो: तुझ्या सासरी पवनीला वैनगंगा आहे, तेव्हा सुरुवात तुझ्यापासूनच.